गव्हाळे, मुगाळे

वसुबारसेच्या कहाणीत वासरं कापली जातात. म्हातारी सासू वावरात जाताना सुनेला सांगून जाते, गव्हाळे-मुगाळे शिजवून ठेव. तिच्या मनात गहू आणि मूग. गोठ्यात मात्र त्याच नावांची दोन वासरं उड्या मारत असतात. सून बावरते, पण सासूचा शब्द मोडायची तिची छाती नसते. दुपारी म्हातारी जेवायला बसते, तर पानात तांबडं मांस.

आमच्या घरी ही कहाणी आई सांगते. वाशिमकडच्या घरांत त्या दिवशी गहू-मूग का खात नाहीत, हे लेकरांना एकदा सांगावंच लागतं. यंदा भावाच्या मुलीनं मध्येच थांबवलं. "आजी, तिनं खरंच कापले का वं वासरं?" आई म्हणाली, "हो ना बावा. नीट आयकलंच नाही तिनं." आणि पुढे गेली. पुढे म्हातारी देवापुढे प्राण पणाला लावते, संध्याकाळी गाई रानातून हंबरत येतात आणि वासरं जिवंत होऊन त्यांच्याकडे धावतात. पण पोरीचं लक्ष दुपारच्या पानावरच अडलं होतं. रात्री ती उठून गोठ्यात कालवड मोजून आली. कालवड एकच आहे, तरी मोजून आली.

याच कहाणीचं एक सचित्र पुस्तकही घरात आहे. त्यात वासरं रानात हरवतात आणि सापडतात. चित्रं सुरेख आहेत. ते पुस्तक वाचून मात्र कुणी कधी गोठ्यात गेलं नाही.

श्रावणातल्या नागपंचमीची कहाणीही अशीच. नांगराचा फाळ लागून नागिणीची पिल्लं मरतात, आणि ती रात्रीतून शेतकऱ्याचं घरच्या घर डसून संपवते. मग सासरी नांदणाऱ्या लेकीलाही डसायला निघते. ती पोर पाटावर नाग काढून, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवून हात जोडून बसलेली असते. नागीण विरघळते, अमृत देते, माहेर उठून बसतं. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, विळीवर काही चिरायचं नाही. या कहाण्यांत राक्षस नाही, चेटकीण नाही, लांडगासुद्धा नाही. फाळ आपला, विळी आपली, चूल आपली. वाईट जे घडतं ते आपल्याच घरच्या हातून, तेही दुष्टपणानं नव्हे, घाईत किंवा न ऐकल्यामुळे. म्हणूनच त्या मोठ्यांना जास्त टोचत असाव्यात. लेकराला भीती वाटते हे खरं, पण गोष्टी पुसून गुळगुळीत करायची घाई लेकरांना नसते.

अशा गोष्टी जपण्यात वाशिमनं फार जुना वाटा उचललेला आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. १९३९ साली इथे सापडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. याच घराण्यातला हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात गादीवर असताना त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं करवून घेतलं, आणि शेजारचं १७ क्रमांकाचं त्याच्या एका मांडलिकानं. १७ व्या लेण्याच्या भिंती जातककथांनी भरल्या आहेत. आज त्याच कथा आपण बालवाङ्मय म्हणून छापतो.

त्या भिंतींवर काय आहे? दरीत पडलेल्या माणसाला वानर पाठीवर घेऊन वर आणतो, दमून झोपतो, आणि तो माणूस भुकेपोटी त्याच्या डोक्यात दगड घालतो. रक्ताळलेला वानर तरीही फांद्यांवरून पुढे होत त्याला रानाबाहेरची वाट दाखवतो. दुसरीकडे, आंधळ्या आईला सांभाळणारा हत्ती वाट चुकलेल्या माणसाला वाचवतो, आणि तोच माणूस राजाला हत्तीचा ठिकाणा सांगतो. पकडलेला हत्ती आईवाचून घास घेत नाही, तेव्हा राजाच शरमून त्याला सोडतो. रुरू मृग बुडत्याला काठावर आणतो, तिथेही शिकाऱ्यांना वाट दाखवणारा तोच बुडता. वाचवणारं जनावर, उलटणारा माणूस: चित्रकारांना हे पुन्हापुन्हा काढावंसं का वाटलं असेल? मला वाटतं, गोष्ट ऐकणारं पोर कुठे बसलंय याची त्यांना पक्की जाण होती. ते वानराच्या पाठीशी बसलेलं असतं. तिथून त्याला माणूस दिसतो, आणि तो आपल्यासारखाच दिसतो.

सहा सुळ्यांच्या छद्दंत हत्तीची गोष्ट सर्वांत काळी. मागच्या जन्मीच्या रुसव्यापायी राणी त्याचे सुळे मागते. शिकारी भगवी वस्त्रं पांघरून विषारी बाण मारतो. हत्ती त्या वस्त्रांचा मान राखून त्याला जिवंत सोडतो. शिकाऱ्याला सुळे कापता येईनात, तेव्हा करवत सोंडेत धरून स्वतःच कापून देतो. सुळे पाहून राणीचा ऊर फुटतो. ही कथा १७ व्या लेण्यात आहे, आणि वाकाटकांच्या कितीतरी आधी रंगवलेल्या १० व्या लेण्यातही. त्याच १० व्या लेण्यातल्या एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपलं नाव कोरलं. वाघाच्या शिकारीला आला आणि लेणी सापडली, असं सांगतात. छद्दंताच्या घरात शिकाऱ्याची सही! कुणा कथाकारानं हे रचलं असतं तर आपण त्याला अतिरेकी म्हटलं असतं.

'बांबी'च्या १९४२ च्या चित्रपटात हरिणाची आई गोळीनं मरते. जगभरची मुलं त्यावर रडली. पण त्यात माणूस पडद्यावर येतच नाही. बंदुकीचा आवाज तेवढा येतो. आमच्या कहाणीत सून समोर उभी असते, पदराला हात पुसत.

हे सगळं लिहायला सोपं, कारण मी जागलीला जात नाही. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळविटं पाहायला शाळेच्या सहली जातात. त्याच मुलांचे बाप रात्री मचाणावर बसून डबे वाजवतात, कारण रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप तूर-हरभरा एका रात्रीत सपाट करतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला आवतण देणारं घर दोन हंगाम पाऊस हुकला की त्याच बैलाला बाजारात उभं करतं. पोरगा दावणीशी अडून बसतो आणि बाप त्याच्याकडे पाहायचं टाळतो. अशा पोराला जनावराशी मैत्री म्हणजे नुसता आनंद, असं कसं सांगणार? त्याला हिशेबाची गोष्ट हवी, जिच्यात बापही असेल आणि बैलही.

रोह्याची कहाणी अजून कुणी रचलेली नाही. रचली तर तिच्यात वीज सोडलेली कुंपणाची तार येईल, सकाळी तारेशी पडलेली मादी येईल, आणि सांगणाऱ्या आजीला तार कुणी लावली हेही सांगावं लागेल. गावात ते सगळ्यांना माहीत असतं.