झांझरोळीच्या पाण्याकाठी

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा आमच्या तुकडीतील बहुतेकांनी एकच विषय सुचविला. नववीच्या वर्षी झांझरोळीच्या जलाशयाकाठी झालेले शिबिर. वसतिगृहाची शिस्त, अभ्यासिका आणि निकाल यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. आम्ही मात्र आजही एकत्र आलो की त्या शिबिरावरून वाद घालतो, म्हणून तो वादच येथे नोंदवीत आहोत.

सफाळे आणि केळवे रोड या स्थानकांच्या पूर्वेकडे, डोंगरांच्या कुशीत झांझरोळीचे मातीचे धरण आहे. २०२२ च्या जानेवारीत त्याला गळती लागल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले असेल. आम्ही त्या दिवशी एकमेकांना दूरध्वनी करून काठावरच्या पाड्याची विचारपूस करीत होतो. आमच्या विद्यार्थिदशेत तेथे दिवसभरात गुराखी आणि जाळे लावणारे दोघेतिघे एवढीच माणसे दिसत. दक्षिणेला तांदुळवाडी किल्ल्याचा डोंगर, भोवती साग आणि ऐनाचे रान, आणि मधोमध हलता न हलणारे पाणी. तंबू आमच्याकडे नव्हतेच. बांबूंवर ताडपत्री ताणली, तीन दगडांची चूल मांडली, की शिबिर उभे राही.

परदेशांत अशा एकांतातील तळ्यांवर मासेमारीसाठी मुक्काम करण्याची मोठी हौस आहे. कॅनडात १८९३ मध्ये स्थापन झालेल्या अल्गोंक्विन उद्यानात तर लोक कनू नावाची अरुंद, हलकी होडी खांद्यावर घेऊन एका तळ्याकडून दुसऱ्या तळ्याकडे चालत जातात. झांझरोळीला होडी नव्हती, पण खांद्यावरून वाहून नेण्याचे वाहन होते. ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब, तिच्यावर दोरीची वीण, आणि वल्ह्याच्या जागी तळहाताएवढ्या दोन फळ्या. तीवर बसून, पाय पाण्यात सोडून, संध्याकाळी जाळे लावायचे आणि पहाटे धुक्यात ते काढायचे.

ही ट्यूब चालविणाऱ्यांपैकी एक आमच्या वर्गमित्राचे वडील होते. वसतिगृहात आमच्यापैकी निम्मे मुंबईच्या वस्त्यांमधून आलेले, निम्मे आसपासच्या पाड्यांवरचे. हा मित्र पाड्यावरचा. पहाटेच्या वंदनेत आम्ही सारे पंचशील म्हणत असू, पण पहिल्या शीलाच्या वेळी त्याचे ओठ मिटलेले असत. प्राणिहिंसेपासून दूर राहीन, असे म्हणायचे आणि सुट्टीत घरी जाऊन वडिलांबरोबर जाळे ओढायचे, हे त्याला जमत नव्हते. पाचवीपासून आम्हाला हे ठाऊक होते. कोणी त्याविषयी बोलत नसे.

त्या वर्षीचे शिबिर पौषातल्या पौर्णिमेला आले. निघण्यापूर्वी गृहपाल गुरुजींनी बजावले, “गळ किंवा दोरा कोणी बरोबर घ्यायचा नाही.” शहरी मुले हिरमुसली. मासे धरणे ही आमच्या दृष्टीने गंमत होती, आणि तीच हुकली. मित्र मात्र काही बोलला नाही.

दुपारी त्याने आम्हाला काठाने फिरविले, तेव्हा पाणी वाचता येते हे आम्हाला प्रथम कळले. मरळ हवा घेण्यासाठी वर येते, तेव्हा पृष्ठभागावर क्षणभर कसा खळगा पडतो, हे त्याने दाखविले. पावसाळ्यात मरळीची तांबूस पिले पुंजक्याने पोहतात आणि नर-मादी त्यांची राखण करतात. अशा वेळी पिलांजवळ गळ टाकला, तर चिडलेली मरळ हमखास लागते. “म्हणूनच आमच्या घरी तेव्हा टाकत नाहीत,” तो म्हणाला. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर येणाऱ्या चढणीच्या माशांविषयीही तो बराच वेळ बोलला. वर्गात त्याला इतके बोलताना आम्ही कधी ऐकले नव्हते.

रात्री शेकोटीजवळ त्यानेच विचारले, “गुरुजी, माझा बा रोज पाप करतो का?”

गुरुजींनी लगेच उत्तर दिले नाही. आदल्या वर्षी त्यांनी आम्हाला सोपाऱ्याचा स्तूप दाखविला होता. सफाळ्याहून गाडीने वैतरणा, विरार आणि मग नालासोपारा, एवढेच ते अंतर. तेथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, त्यांत शिकार आणि करमणूक असे. अशोकाने त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली, आणि तिच्यात दानधर्माबरोबर जनपदातील लोकांची भेट घेणेही होते. गुरुजींनी त्याची आठवण करून दिली. मग अशोकाचा दुसरा एक लेख सांगितला. हा पाचवा स्तंभलेख सोपाऱ्याचा नव्हे. त्यात काही ठरावीक दिवशी मासे मारू नयेत व विकूही नयेत अशी आज्ञा आहे, आणि त्या दिवसांत तिष्य, म्हणजे पौषातली पौर्णिमा येते. “बंदी त्या दिवसांपुरती. कोळ्याचे जाळे सम्राटाने कायमचे काढून घेतले नाही. स्वतःची शिकारीची हौस मात्र त्याने सोडली. मी तुमचा गळ बंद केला, तो हौसेचा म्हणून.”

“पण मासा तर दोन्हीकडे मरतो,” मित्र म्हणाला. गुरुजींनी मान हलविली. “मरतो,” एवढेच ते म्हणाले. त्या रात्री पुढे कोणी बोलले नाही. रानात रातवा ओरडत होता, आणि थंडी चांगलीच पडली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काका ट्यूब खांद्यावर घेऊन आमच्या चुलीपाशी आले आणि पळसाच्या पानांवर पाच मासे ठेवले.

“दादा, हे बाजाराचे ना?” गुरुजींनी विचारले.

“नाय गुरुजी, पोरांसाठीच धरले.”

येथूनच आमचा वाद सुरू होतो. आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस भिक्षूने घेऊ नये, असे बुद्धवचन आम्ही पाठ केले होते. काका खोटे बोलले असते, तर प्रश्नच नव्हता. गुरुजी क्षणभर थांबले, मग दोन्ही हातांनी पाने उचलली आणि म्हणाले, “तो नियम भिक्षूंचा आहे. आपण गृहस्थ आहोत, आणि यांच्या दारात आहोत. ज्याला खायचे त्याने खावे, ज्याला नको त्याने डाळ घ्यावी. पण हे परत जाणार नाही.”

कालवण झाले. तांदळाच्या भाकरीबरोबर अकरा जणांनी ते खाल्ले, सात जणांनी डाळ घेतली. काका दोन्ही पंगतींकडे सारख्याच कौतुकाने पाहत होते. न खाणाऱ्यांपैकी एकाचे मत आजही ठाम आहे की गुरुजींनी त्या दिवशी शीलापेक्षा माणसाची भीड मोठी मानली. खाणाऱ्यांचे म्हणणे असे की पाने परत केली असती, तर मित्राने वसतिगृह सोडले असते, आणि मग शील कोणाला शिकविले असते? आमच्यातील काही जणांना दोन्ही बाजू पटतात, आणि त्यांना दोन्हीकडची बोलणी खावी लागतात. गुरुजींना पुढे विचारले, तेव्हा ते म्हणाले की त्यांचेही अजून ठरलेले नाही.

हा मजकूर आम्ही मित्राला वाचून दाखविला. पहिल्या शीलाचा उल्लेख ठेवावा की नाही, असे विचारता तो म्हणाला, ठेवा. दुरुस्ती त्याने एकच सांगितली. पाचही मासे मरळी होत्या, असे आम्ही लिहिले होते. मरळी दोनच होत्या, बाकीचे तीन रोहू.