चिंध्या करणाऱ्याचे खेळणे

ज्या घरात फाडणारे कुत्रे असते, त्या घरात कापडी खेळण्याचे आयुष्य मिनिटांत मोजावे लागते. दुकानातून आणलेला गुबगुबीत ससा त्याच्या पुढ्यात ठेवावा, तर तो आधी त्याला हुंगतो, मग तोंडात धरून दोन्ही बाजूंना जोराने झटकतो आणि नंतर पुढच्या पंजांखाली दाबून कामाला बसतो. या कामात एक शिस्त असते. प्रथम डोळे जातात, मग कान, मग पोटाची शिवण. शिवण उसवली की आतला कापूस मूठमूठ बाहेर निघतो आणि सगळ्या ओटीवर पसरतो. शेवटी त्या कापसाच्या गाभ्यात दडलेली, दाबली की चूं करणारी पिपाणी सापडते. ती गप्प झाली की खेळ संपतो आणि शिकारी भिंतीला पाठ लावून समाधानाने निजतो. पाहणारे म्हणतात, ‘काय ही नासधूस!’ मला मात्र त्या निजलेल्या चेहऱ्यावर दिवसभराचे काम उरकलेल्या माणसाची शांती दिसते.

आमच्या घरचा ब्राउनी हा या कामात निष्णात आहे. तो आमचा नव्हे. आमच्याकडे ठेव म्हणून आलेला आहे. माझा पुतण्या नोकरीसाठी कॅनडाला गेला, तेव्हा विमानतळावर निघण्यापूर्वी त्याने ब्राउनीच्या पट्ट्याची दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “काका, आत्याला सांगा, याला दुपारी एकटा ठेवू नका.” वसईच्या वाड्यांतून अशी किती मुले परदेशी गेली, आणि किती ओट्यांवर त्यांची कुत्री त्यांची वाट पाहत पडून असतात, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. रविवारी पुतण्याचा चेहरा फोनच्या पडद्यावर उमटतो, तेव्हा तो आधी ब्राउनीला हाक मारतो आणि मग आमची प्रकृती विचारतो. त्याचा मला राग येत नाही.

त्याने सांगितलेली ती आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. पुतण्यांची आत्या म्हणून ती आता सगळ्या वाडीचीच आत्या झालेली आहे. उमेदीच्या काळात तिने शिवणकाम केले. इथल्या निम्म्या मुलींचे पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे तिच्या यंत्राखालून गेले. त्यामुळे कापड, दोरा आणि शिवण या तिन्ही गोष्टींबद्दल तिचे मत या घरात अखेरचे मानले जाते. ब्राउनीच्या प्रकरणात ते उपयोगी पडले.

ब्राउनीच्या अंगात टेरियरचे रक्त आहे. टेरियर या नावातच ‘भूमी’ या अर्थाचा लॅटिन शब्द दडलेला आहे. जमिनीतील बिळांत शिरून उंदीर, घुशी, कोल्हे यांना गाठावे, यासाठी ब्रिटनमधील शेतकऱ्यांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. लांडग्याच्या शिकारीची एक साखळी असते: शोधणे, टक लावणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे, मारणे, फाडणे, खाणे. माणसाने निरनिराळ्या कामांसाठी ही साखळी निरनिराळ्या कडीपाशी आखडून घेतली. मेंढपाळाचा कुत्रा टक लावतो, दबा धरतो, पाठलाग करतो आणि तेथेच थांबतो. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी आणून देणारा कुत्रा तो तोंडात धरतो, पण चावत नाही. टेरियरला मात्र आपणच शेवटपर्यंत जाऊ दिले, कारण उंदीर मेलेला हवा होता. आता त्याच्यापुढे आपण किंचाळणारा ससा टाकतो आणि तो फाडला म्हणून त्याला रागावतो. न्यायाच्या दृष्टीने हे टिकणारे नाही.

तेव्हा त्याने फाडावे की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला आहे. त्याने काय फाडावे आणि फाडल्यावर त्यातले काय त्याच्या पोटात जाऊ शकते, एवढाच प्रश्न उरतो. तो प्रश्न किती गंभीर आहे, हे आम्हांला २०२३ च्या मे महिन्यात कळले.

एका पाहुण्याने प्रेमाने आणलेली बाहुली ब्राउनीने पळवली होती. बाहुलीला लोकरीचे लांब केस होते. बाहुली परत मिळाली ती केसांविना. दोन दिवसांनी त्याने जेवण सोडले. त्या संध्याकाळी, मारियेच्या महिन्याची रोझरी चालू असताना, तो अल्तारासमोर आला, पुढचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट पसरून त्याने छाती टेकवली आणि मागचा भाग उंच ठेवून तसाच थांबला. मुलांना हसू फुटले. “बघा, ब्राउनी प्रार्थना करतो!” आत्या हसली नाही. माळ तशीच हातात धरून ती उठली आणि त्याच्या पोटाखाली हात घालून पाहिला. पोट फळीसारखे ताठ होते. रात्री उलट्या सुरू झाल्या. पशुवैद्यांनी नंतर सांगितले की त्या मुद्रेला त्यांच्या शास्त्रातही प्रार्थनेची मुद्राच म्हणतात, आणि ती पोटातल्या तीव्र वेदनेची खूण असते.

क्ष-किरण चित्रात कापड आणि दोरा सहसा दिसत नाहीत. दिसते ती अडलेली हवा. सोनोग्राफीत मात्र आतडे चुण्या पडल्यासारखे गोळा झालेले दिसले. लांब दोऱ्याचे एक टोक जठरापाशी किंवा जिभेच्या मुळाशी अडकते, बाकीचा दोरा आतड्यातून पुढे सरकू पाहतो आणि आतडे त्या दोऱ्यावर गोळा होत जाते. डॉक्टर हे समजावू लागले तेव्हा आत्या म्हणाली, “म्हणजे नेफ्यातली नाडी ओढल्यासारखे.” डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अगदी तसेच. फक्त ही नाडी आतड्याला कापतही जाते.” शस्त्रक्रियेत आतडे दोन ठिकाणी उघडावे लागले. ब्राउनी वाचला. पण त्या तीन रात्रींत पुतण्याला काय सांगायचे, या विचाराने मी जितका जागलो, तितका परीक्षेच्या आदल्या रात्रीही कधी जागलो नव्हतो. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली. कुत्र्याच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढू नये; आत अडकलेल्या दोऱ्याला बसलेला तो हिसका आतडे फाडू शकतो. तडक दवाखान्यात न्यावे.

त्यानंतर आत्याने बाजारातल्या खेळण्यांची जी तपासणी आरंभली, ती पाहून दुकानदार तिला लांबूनच ओळखू लागले. ती आधी खेळणे उलटे करते. डोळे आणि नाक प्लॅस्टिकचे किंवा गुंड्यांचे असतील तर ते तेथेच परत जाते. भरतकामाने काढलेले असतील तर पुढचा विचार. फिती, घुंगरू, लोकरीचे केस, दोरीची शेपटी, यांतले काहीही चालत नाही. मग शिवण. नुसत्या धावदोऱ्याची शिवण असेल तर ती नखानेच उसवून दाखवते. उलटी टीप, तीही दुहेरी, असेल तर मान हलवते. मग पोट दाबून पाहते. आत काय आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. आपण ज्याला कापूस म्हणतो तो बहुधा पॉलिएस्टरचा पिंजलेला धागा असतो. तो पचत नाही आणि पोटात त्याचा बोळा होतो. काही खेळण्यांत थर्मोकोलचे मणी किंवा प्लॅस्टिकचे दाणे भरलेले असतात. ते तर हातात घेण्याच्याही लायकीचे नाहीत. पिपाणी कुत्र्याच्या घशाहून लहान असेल तर ती गिळली जाणार, हे धरूनच चालावे. आणि खेळणे संपूर्ण तोंडात मावेल इतके लहान कधीच नसावे. आत काहीही न भरलेली, नुसत्या कापडाच्या चपट्या कातड्यासारखी खेळणी आता मिळतात. दिसायला ती केविलवाणी असतात. फाडणाऱ्यासाठी मात्र तीच बरी.

वेष्टनावर ‘न फाटणारे’ असे छापलेले असते, त्यावर किती विसंबावे? आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. तो नियम चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचा. कुत्र्याचे खेळणे त्यात बसत नाही. म्हणून काही जण तान्ह्या बाळाचे खेळणे आणून कुत्र्याला देतात. त्यात सुटे बारीक भाग नसतात हे खरे, पण ते बाळाच्या बोटांची ओढ सोसण्यासाठी पारखलेले असते, बेचाळीस दातांसाठी नव्हे. त्या वेष्टनावरील शब्द म्हणजे विकणाऱ्याची आशा, इतकाच अर्थ मी घेतो.

येथे चघळणारा आणि फाडणारा यांत भेद करावा लागतो. अमेरिकेतल्या कोलोराडोत जो मार्कहॅम या गृहस्थाचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चघळून दात झिजवून घेत असे. १९७० च्या दशकात आपल्या फोक्सवॅगन गाडीची दुरुस्ती करताना मार्कहॅमने काढून टाकलेला रबराचा एक भाग फ्रिट्झला दगडाहून अधिक आवडला, आणि त्यावरून ‘काँग’ हे रबरी खेळणे जन्मले. चघळणाऱ्याला ते वरदान आहे. ब्राउनीने त्याकडे दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी ते कणगीमागे सोडून दिले. जे फाटत नाही त्यात त्याला रस नाही. त्यात भाकरीचा तुकडा कोंबून दिला तर तुकडा काढण्यापुरता रस असतो.

आत्याने मार्ग काढला तो फुकटाचा. किराण्याचा पुठ्ठ्याचा खोका घ्यायचा, त्याची चिकटपट्टी आणि धातूच्या पिना काढायच्या, आत तपकिरी कागदाचे बोळे आणि त्यांत सुक्या भाकरीचे चार तुकडे लपवायचे. ब्राउनी तो खोका अर्ध्या तासात भुईसपाट करतो. कागद तो थुंकतो, गिळत नाही. जो गिळतो त्याला हा खेळही देऊ नये, आणि कापडी खेळणे तर मुळीच नाही. कापडी खेळणे ब्राउनीला कोणी समोर बसलेले असेल तेव्हाच मिळते. काढून घ्यायचे झाल्यास हिसकावून घेत नाही. हिसकावले की कुत्रे घाईने गिळते. सुक्या बोंबलाचा लहानसा तुकडा पुढे केला की तो आपणहून सोडतो. मग आत्या चिंध्या जमिनीवर मांडते आणि जुळवते: दोन कान, चार पाय, पोटाचे दोन पाट. एक तुकडा कमी भरला तर दिवा लावून, केरसुणी घेऊन सगळी ओटी झाडते. शुभवर्तमानातील हरवलेले नाणे शोधणारी स्त्री मला तिच्या रूपाने दिसते, फक्त नाणे सापडल्यावर ही शेजारणींना बोलावत नाही. तुकडा सापडलाच नाही तर पुढचे दोन दिवस ब्राउनीच्या जेवणावर आणि शौचावर तिची नजर असते.

आमच्या भागात धोका केवळ खेळण्यांचाच असतो असे नाही. आंब्याची कोय, मक्याचे बुरकुंड, शिजवलेल्या हाडांच्या किरचा, नारळाच्या सोडणाचे तंतू, यांनीही आतडी अडतात. लग्नाच्या हंगामात हे सारे वाडीत मुबलक असते.

शस्त्रक्रियेनंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर एका जुन्या स्नेह्याने मला चर्चच्या पायरीवर गाठले. “कुत्र्यावर एवढा खर्च? तेवढ्यात एका गरीब मुलाची वर्षाची फी भरली असती.” त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, म्हणून ते अधिक लागले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथात प्राणी ही देवाची निर्मिती असल्याने त्यांना दयाळूपणे वागवणे हे आपले देणे आहे, असे म्हटले आहे. त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही म्हटले आहे. आणि त्याच ओघात पुढे, माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अशोभनीय आहे, असे आहे. ही दोन्ही वाक्ये मी अनेकदा शेजारी ठेवून वाचली. वेदनेने तळमळणाऱ्या जीवाला सोडवणे ही उधळण नव्हे, असे माझे मत आहे, आणि ते मी स्नेह्याला सांगितले. पण त्याचे म्हणणे मी टाकूनही दिले नाही. महागड्या परदेशी खेळण्यांचा जो ढीग काही घरांतून दिसतो, त्याला हे वाक्य नेमके लागू पडते. आणि गंमत अशी की कुत्र्याची ती मागणीच नसते. किराण्याच्या खोक्याने जो तृप्त होतो, त्याला आपण आपल्या अनुपस्थितीची भरपाई म्हणून ससे पाठवतो.

जुन्या करारातील तोबितच्या पुस्तकात तरुण तोबिया देवदूताबरोबर प्रवासाला निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही मागोमाग निघतो. परतीच्या वाटेवर त्याचा आणखी एकदा उल्लेख येतो. त्या कथेत तो काहीही करत नाही. मात्र तो गेला आणि परत आला, एवढे लिहिणाऱ्याला नोंदवावेसे वाटले. ब्राउनीची कथा उलटी आहे. येथे तोबिया गेला आणि कुत्रा मागे राहिला.

गेल्या नाताळात कॅनडाहून पार्सल आले. त्यात आमच्यासाठी लोकरीचे मोजे आणि ब्राउनीसाठी एक भलामोठा अस्वल होता. डोळे भरतकामाचे, शिवण दुहेरी. पुतण्याने आत्याचे ऐकून निवडलेला दिसत होता. तरीही आत्याने कात्री घेतली. पाठीची शिवण बेताने उसवली, आतले सारे पॉलिएस्टर काढून एका उशीच्या अभ्र्यात भरले, पिपाणी काढून टेबलाच्या खणात टाकली आणि रिकामे कातडे उलट्या टिपेने पुन्हा शिवून टाकले. संध्याकाळी फोनवर पुतण्याने विचारले, “आवडला का त्याला?” आत्याने फोन ओटीकडे वळवला. ब्राउनी त्या चपट्या अस्वलाला मानेला धरून झटकत होता आणि एक कान आधीच सुटला होता. “थांब,” आत्या म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन तो कान उचलायला गेली.