वडिलांच्या नावाचा रकाना

आमच्या प्रवेश अर्जावर पहिला रकाना विद्यार्थ्याच्या नावाचा आणि दुसरा वडिलांच्या नावाचा. तीस वर्षांच्या नोकरीत असे हजारो अर्ज माझ्या टेबलावरून गेले असतील. सही करताना मी बहुधा जन्मतारीख आणि मागच्या शाळेचा दाखला एवढेच बघतो. दुसऱ्या रकान्यापाशी माझा हात एकदाच अडला, तो २०१७ च्या जूनमध्ये.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. पाऊस धरून होता. एक बाई आपल्या मुलीला घेऊन ऑफिसच्या दारात उभी राहिली. मुलगी सातवी झालेली, आठवीत यायची होती. दाखला होता, गुणपत्रिका होती, गणितात तर आमच्या पहिल्या बाकावरच्या मुलांनी मान खाली घालावी असे मार्क होते. "पोरगी हुशार आहे सर, घ्या की," एवढेच बाई म्हणाली. क्लार्कने अर्ज भरायला घेतला आणि विचारले, "वडिलांचं नाव?" बाई गप्प. मुलीनेच सांगितले, "आईचं लिहा सर."

आमच्या भागातील वाचकांना यापुढे काही सांगायला नको. देवीला मुली सोडण्याची चाल कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंद झाली, पण कायद्यापूर्वी सोडलेल्या बायकांचे आणि त्यांच्या लेकरांचे आयुष्य काही कायद्याने थांबत नाही. ती चोरून पुढे चालूच राहिली, हेही आपल्याला ठाऊक आहे. आईच्या नावावर मूल शाळेत घ्यायला आडकाठी नाही, हे हेडमास्तर म्हणून मी जाणून होतो. अडचण माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेली होती.

संस्थेच्या मंडळावरचे एक वजनदार गृहस्थ त्या दिवशी योगायोगाने आले होते. आमच्या प्रयोगशाळेचे पत्रे गळत, त्या जागी स्लॅब टाकून द्यायचे त्यांनी कबूल केले होते. बाई बाहेर व्हरांड्यात गेल्यावर ते हसत म्हणाले, "सर, तुमचं मन मोठं आहे. पण बाकीच्या पालकांनी उद्या पोरी काढून नेल्या म्हणजे? शाळा चालवायची आहे न्हवं आपल्याला?" आवाजात धाक नव्हता. धाक घालायची गरजच नव्हती. मी बाहेर गेलो आणि त्या बाईला सांगितले, "दोन दिवसांनी या, बघू." या 'बघू'चा अर्थ गरिबाला फार लवकर कळतो.

आता यातली खरी लाजेची गोष्ट सांगतो. त्याच आठवड्यात तालुक्याच्या वाचनालयात माझे व्याख्यान होते आणि विषय होता पंडिता रमाबाई. मी मराठीचा एम. ए. बाबा पदमनजी १८३१ मध्ये आमच्या बेळगावात जन्मले, त्यांचे 'यमुनापर्यटन', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' अशी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाची वाट मी विद्यार्थी असल्यापासून तुडवलेली. मी पाऊण तास बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल आणि नारळ घेऊन भिजत घरी येताना, मी सभेत जे सांगितले ते माझे मलाच ऐकू येऊ लागले.

काय सांगितले होते मी?

रमाबाई १८५८ साली आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे जन्मल्या. कन्नड मुलखातले मराठी घर, म्हणजे एका अर्थी आपल्यापैकीच. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, त्यावरून लोकांचा रोष ओढवला, म्हणून ते रानात जाऊन राहिले. तिथेही आल्यागेल्याला, यात्रेकरूंना आणि शिष्यांना जेवू घालता घालता कर्ज झाले आणि घर सुटले. वेताच्या पेटाऱ्यात घालून बाहेर पडलेली ही तान्ही मुलगी मग वर्षानुवर्षे तीर्थांच्या वाटा तुडवत राहिली. पुढे त्यांची करुणा पुष्कळांनी विलायतेच्या खात्यावर मांडली. मला वाटते, तिचे पहिले पान या खर्चिक बापाने लिहिले होते.

मद्रास इलाख्यातील दुष्काळात हे घर उपाशी मेले. वडील गेले, मग आई. आई अखेरच्या आजारात असताना रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईकडे भाकरी मागायला गेल्या. तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईने ओळखून भाकरी दिली, पण आईला ती खाता आली नाही. आईला खांदा द्यायला कसेबसे दोन माणसे मिळाली, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी, म्हणून त्यांनी तिरडीचे टोक डोक्यावर घेतले होते. सभेत हे सांगताना माझा आवाज दाटला. तो दाटलेला आवाज मला अजून आवडत नाही.

पुढचे आपण सारे जाणतो. १८७८ मध्ये कलकत्त्याला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, बंगाली वकिलाशी विवाह, दोन वर्षांत वैधव्य, पदरात मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंड आणि तिथे बाप्तिस्मा. तो का घेतला यावर त्या काळापासून वाद आहे. मला त्यातली एक जागा महत्त्वाची वाटते. लंडनजवळ फुलहॅमला काही ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या, 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या बायकांना सांभाळत. आपल्याकडे अशा बाईला दारातही उभे करत नव्हते. इथे कुणीतरी तिला आजारात पाणी देत होते, शिवण शिकवत होते. हे का करता, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. येशू त्या बाईकडे पाणी मागतो आणि तिच्या पाच नवऱ्यांचा हिशेब तिला माहीत आहे हे ठाऊक असूनही तिच्याशी माणसासारखा बोलतो. शास्त्रार्थात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या रमाबाई या साध्या गोष्टीपुढे थांबल्या.

मात्र त्या कुणाच्या मुठीत गेल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशप मंडळींचे मत पडले, तेव्हा त्यांनी ठणकावून कळवले की, एका पुरोहितशाहीचे जू फेकून दिले ते दुसरीचे मानेवर घेण्यासाठी नव्हे. क्रूसावर लॅटिन नको, संस्कृत अक्षरे हवीत, असाही त्यांचा हट्ट होता. मांसाहार तर केलाच नाही.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढच्या बाया कर्वे. सदन पुण्याला आले आणि १८९३ मध्ये वादळ झाले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पालक चिडले, 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारख्यांनीही सल्लागार मंडळ सोडले. या बाबतीत मी रमाबाईंचा वकील नाही. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांना फसल्यासारखे वाटले असेल तर त्यात नवल नाही, आणि 'आम्ही कुणाला ओढत नाही' हे आश्रयदात्याने म्हणणे सोपे असते, आश्रितासाठी ते तितके सोपे नसते. ही खंत बाजूला ठेवून रमाबाईंचे कौतुक करू नये.

पण १८९७ हे वर्ष मला सोडत नाही. मध्य प्रांतात दुष्काळ होता. सरकारी मदतीच्या छावण्यांभोवती पोरक्या मुली पळवणारे दलाल घिरट्या घालत. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भुकेने माणसाचे काय होते ते त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. किती मुली पोसता येतील याचा हिशेब केला असता तर त्यांना हात हलवत परत यावे लागले असते. त्या सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे नव्या मुली ठेवायला मनाई, म्हणून केडगावच्या माळावर तंबू पडले. ती जमीन संत्र्यांची बाग लावून संस्थेला उत्पन्न व्हावे म्हणून घेतलेली होती.

आणि त्याच उन्हाळ्यात पुण्यात रँडसाहेबाची प्लेग कमिटी घरांत शिरत होती. रमाबाईंच्या सदनातली एक मुलगी सरकारी इस्पितळात नेली गेली, तिथून छावणीत, आणि परत आली नाही. रमाबाईंनी मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिले. छावणीत बायकांचे काय होते ते उघड लिहिले आणि हरवलेल्या मुलीबद्दल जाब विचारला. त्यावरून थेट विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप खोडून काढले. हे दिवस कसले होते ते आठवावे. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली आणि त्याच वर्षी लोकमान्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली. चार वर्षांपूर्वी ज्या बाईवर पुणे तुटून पडले होते, ती बाई राज्यकर्त्यांच्याच धर्माची असून गव्हर्नरला प्रश्न विचारत होती. तिच्या पदरी शेकडो तोंडे होती. सरकारची मर्जी फिरली असती तर पहिला फटका त्यांनाच बसला असता. एका मुलीसाठी एवढा जुगार कोण खेळतो? शहाणा संस्थाचालक खेळत नाही. तो म्हणतो, संस्था चालवायची आहे.

म्हणजे मी जे म्हटले तेच.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे 'दोन दिवसां'चे आठ दिवस झाल्यावर, मी अर्जावरचा पत्ता काढून त्या गल्लीत गेलो. खोलीला कुलूप होते. शेजारची म्हातारी म्हणाली, "गेली की ती. सांगलीकडं गेली म्हणत्यात, पोरीला घेऊन." सांगलीत कुठे, ते तिला ठाऊक नव्हते. मी ओळखीच्या दोन शिक्षकांना पत्रे टाकली, एकदा स्वतःही जाऊन आलो. शहर मोठे असते. गणितात तेवढे मार्क मिळवणारी मुलगी कुठेतरी शिकली असेल असे मी मनाशी म्हणतो. मला तसे म्हणणे सोयीचे आहे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत केडगावला गेलो. पुण्याहून दौंडकडे जाणारी पॅसेंजर धरली. काय बघायला गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुली राहत होत्या. 'कृपा सदन' तर आईबापांनी, नवऱ्यांनी आणि गावांनी टाकलेल्या बायकांसाठीच काढलेले. आंधळ्या मुली तिथे वाचायला शिकल्या. छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले आणि रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत केलेले बायबल तिथेच छापले. आमच्या वाङ्मयेतिहासात या भाषांतराला अर्धी ओळ मिळते, हे एक मराठीचा मास्तर म्हणून मला टोचते. मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि पोटच्या मुलीमागे भाषांतराचे काम हातावेगळे करून १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या.

आवार दाखवणाऱ्या बाई साधारण माझ्या वयाच्या होत्या. मोठे देऊळ दाखवले, जुन्या इमारती दाखवल्या. मी विचारले, "तुम्ही इथे केव्हापासून?" "चार दिवसांची होते, तेव्हापासून," त्या म्हणाल्या आणि लगेच, "सर, जेवून जाणार ना? भात-आमटी आहे." पुढे काय बोलावे ते मला सुचेना, म्हणून जेवलो. वाढताना त्यांनी मी कुठला, कोण, कशाला आलो, यातले काही विचारले नाही. आमटी तिखट होती.

पुढच्या जूनमध्ये त्याच गल्लीतल्या दोन मुली आल्या. त्यांना कुणी पाठवले कोण जाणे, बहुधा त्या म्हातारीने. क्लार्कने पेन थांबवून माझ्याकडे बघितले. मी अर्ज हातात घेतले, दुसऱ्या रकान्यात आयांची नावे माझ्या अक्षरात लिहिली आणि सही केली. हात थोडा कापला, ते कुणाला दिसले नसावे. संध्याकाळी त्या गृहस्थांना मीच फोन करून सांगितले, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरे. ते रागावले नाहीत. "तुम्ही हेडमास्तर, तुमचा अधिकार," एवढे म्हणाले. पुढच्या बैठकीत स्लॅबचा विषय निघाला नाही आणि त्यानंतरही कधी निघाला नाही. चार-पाच पालकांनी मुली काढून नेल्या. त्यातल्या तीन दिवाळीनंतर परत आल्या, कारण दुसऱ्या हायस्कूलची बस फी जास्त होती.

त्या दोघींपैकी एक एस. एस. एल. सी. होऊन नर्सिंगला गेली. दुसरी नववीत दोनदा बसली आणि तिने मला पुष्कळ छळले. भांडखोर, उलट बोलणारी, वर्गातल्या खिडकीच्या काचा फोडणारी. मला वाटत होते की ज्या मुलीसाठी मी एवढे केले तिने निदान गुणी असावे. ही अपेक्षा लबाडीची आहे हे कळायला मला वर्ष लागले. कळल्यावरही काचांचे पैसे मी तिच्या आईकडे मागितले, आणि तिने ते हप्त्याने दिले.

त्या पहिल्या मुलीचा अर्ज अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. फोटोची टाचणी गंजली आहे. वडिलांच्या नावाचा रकाना क्लार्कने रिकामा सोडलेला आणि खाली तिची सही, वळणदार, शेवटच्या अक्षराला उगाचच एक लांब शेपटी. पुढल्या वर्षी मी निवृत्त होईन. ड्रॉवर रिकामा करताना या कागदाचे काय करायचे ते मला ठरवता आलेले नाही.

प्रयोगशाळेचे पत्रे अजून तेच आहेत. पाऊस लागला की विज्ञानाचे सर आठवीचा वर्ग माझ्या ऑफिसात आणतात, मुले जमिनीवर बसतात, आणि मी माझे कागद घेऊन व्हरांड्यात खुर्ची टाकतो.