दोन गोल

आज शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव घेतला. 75 प्रश्न, दीड तास. म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. त्यातही काही प्रश्नांची दोन उत्तरं बरोबर असतात. दोन्ही गोल रंगवले तरच गुण, एकच रंगवला तर शून्य. "सर, अर्धं तर येत होतं ना?" एका मुलीनं विचारलं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मशीनला 'अर्धं येणं' दिसत नाही, हे तिला कसं सांगावं?

ते दिसावं म्हणूनच तर 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीत आकारिकचे, म्हणजे रोजच्या निरीक्षणाचे, शंभरपैकी 70 गुण, सातवी-आठवीत मात्र 40. मूल मोठं होतं तसा आमचा त्याच्या रोजच्या वागण्यावरचा विश्वास घटतो की काय! आणि प्रत्येक मुलाबद्दल आम्ही लिहायच्या वर्णनात्मक नोंदी? बाजारात त्यांच्या तयार पुस्तिका मिळतात. 'उपक्रमात आवडीने सहभागी होतो' हे वाक्य निम्म्या वर्गाच्या नावापुढे सापडेल. त्यापेक्षा मशीन बरं, निदान खोटं कौतुक करत नाही.

त्या मुलीचं उरलेलं अर्धं मी विचारून घेतलं. दुसरा पर्यायही तिला माहीत होता. एक गोल रंगवून ती सवयीनं पुढच्या प्रश्नाकडे गेली होती.