हौदाचे गणित

मी मूळचा मराठीचा माणूस. बी. ए. मराठी घेऊनच केलं. पण शाळेत शिक्षक कमी पडले की पाचवी-सहावीचं गणित माझ्या गळ्यात यायचं. त्यातलं एक गणित मला अजून पाठ आहे. एक नळ हौद सहा तासांत भरतो, दुसरा नळ तोच हौद नऊ तासांत रिकामा करतो. दोन्ही एकदम सोडले तर हौद किती तासांत भरेल? उत्तर, अठरा तास. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, पण तो दुसरा नळ आधी बंद का नाही करत?" वर्ग खो खो हसला. मी त्याला दरडावून खाली बसवलं.

त्या मुलाची आठवण यंदा बाथरूममध्ये झाली.

आमचं पनवेलचं घर १९८१ सालचं. बाथरूममधला मिक्सर मागाहून, गीझर आला तेव्हा बसवलेला. डावीकडे गरम, उजवीकडे गार, आणि मध्ये पाणी वर शॉवरला किंवा खाली नळाला वळवणारी मूठ. गेल्या दिवाळीपासून तो गळायला लागला. टप... टप... हिने खाली बादली ठेवली आणि म्हणाली, "अहो, तेवढं नळाचं बघा." मी म्हटलं, उद्या बघू.

उद्या बघायला सबबीही होत्या. एक प्लंबर आला, म्हणाला, "काका, मिक्सर हलवला तर आतला गंजका पाइप तुटेल. टाइल्स फोडाव्या लागतील." त्या रंगाच्या टाइल्स आता मिळत नाहीत. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आज ना उद्या तिथे बिल्डिंगच होणार, कशाला खर्च करता?" आजूबाजूची दोन घरं पडली होती, त्यामुळे मलाही ते पटलं.

रात्री बादली भरायची आणि वाहायची. फरशी सतत ओली राहून बुळबुळीत झाली. फेब्रुवारीत एका पहाटे ही घसरली. मनगट मोडलं, उजव्या हाताचं. सहा आठवडे प्लास्टर. "मी सांगत होते" असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी नळाखाली एक लिटरचं माप ठेवलं आणि घड्याळ घेऊन बसलो. पन्नास मिनिटांत भरलं. म्हणजे दिवसाला जवळजवळ एकोणतीस लिटर, वर्षाला साडेदहा हजार. आमच्याकडे येतो तो टँकर दहा हजारांचा! पनवेल हे खरं तर तळ्यांचं गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे. नगरपालिका १८५२ सालची, २०१६ मध्ये महापालिका झाली. गाढी नदीवर देहरंगचं हक्काचं धरण आहे. तरी कितीतरी उन्हाळ्यांत धरण तळाला गेलं आणि आम्ही एक दिवसाआड पाणी भरलं. अशा गावात मी नळ गळू दिला.

त्याच सुमारास आबिद सुरतींची आठवण झाली. 'धर्मयुग'मधल्या 'ढब्बूजी'चे व्यंगचित्रकार. लहानपणी डोंगरीत आईला पाण्यासाठी रांगेत उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं होतं. २००७ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी मिरा रोडला दर रविवारी प्लंबर बरोबर घेऊन घरोघरी गळके नळ फुकट दुरुस्त करायला सुरुवात केली. ते लोकांचे नळ दुरुस्त करत फिरले, आणि मला स्वतःच्या घरातला एक जमू नये?

आधी नीट पाहिलं. मूठ वर असली की शॉवर गळे, खाली वळवली की नळ गळे. म्हणजे दोष मुठीचा नव्हता, पाणी मागूनच येत होतं. मग गीझरकडे जाणारा कॉक बंद केला. थोड्या वेळाने टपटप थांबली. चोर सापडला, गरम पाण्याची बाजू! गरम पाण्याने रबर लवकर कडक होतं, हे मला नंतर कळलं.

गीझरचं बटण बंद केलं, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. मोरीच्या जाळीवर फडकं पसरलं, कारण स्क्रू आत गेला तर सगळंच संपलं. मूठ काढली, आतला पितळी स्पिंडल मशीनचं तेल सोडून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पान्ह्याने हळूहळू फिरवला तसा सुटला. मिक्सर जागचा हलवायची गरजच नव्हती. स्पिंडलच्या टोकाचा वायसर दगडासारखा झाला होता, त्यावर गोल खाच पडली होती. ज्या पितळी बैठकीवर तो टेकतो तिथे बोट फिरवून पाहिलं, सुदैवाने गुळगुळीत होती. तिला खड्डे पडले असते तर नवा वायसरही टिकला नसता.

जुना वायसर खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर माझा एक विद्यार्थी निघाला. "सर, तुम्ही कशाला आलात? माणूस पाठवतो की." मी म्हटलं, नको, हे माझं मलाच करायचंय. वायसर दहा रुपयांना मिळाला. पाच महिने आणि एक मनगट, दहा रुपयांपायी.

नवा वायसर बसवला, स्पिंडलभोवती ग्रीस लावलेला दोरा गुंडाळला, सगळं परत आवळलं. पाणी सोडलं. शॉवरमध्ये साठलेले थेंब थोडा वेळ पडले आणि मग थांबले. मी अर्धा तास स्टुलावर बसून राहिलो. एकही थेंब नाही. फरशी ब्रशने घासली आणि भिंतीला धरायचा दांडाही त्याच आठवड्यात बसवून घेतला.

त्या मुलाला वर्गात शाबासकी द्यायला हवी होती. आता तो कुठे असतो मला माहीत नाही.

संध्याकाळी ही दारात येऊन उभी राहिली, प्लास्टरचा हात दुसऱ्या हातात धरून. वर शॉवरकडे पाहिलं, खाली कोरड्या बादलीकडे पाहिलं. म्हणाली, "स्वयंपाकघरातलाही थोडा गळतोय. सांगून ठेवते."

मी पान्हा खाली ठेवलाच नाही.