ऊन पडलंय? मग परत फिरा!

एप्रिलमधलं कुंडल म्हणजे काय, हे सांगली-साताऱ्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. उसाच्या रानात माणसं उजाडताच कामाला लागतात आणि अकराच्या आत सावली गाठतात. झरी पार्श्वनाथाचा डोंगरही सकाळीच चढायचा. माझ्या गावचं हे टाइमटेबल बर्फातही लागू पडतं, हे मला धुंदीत कळलं.

गैरसमज नको! धुंदी हे मनालीजवळच्या एका जागेचं नाव आहे. सोलंगच्या पुढे, 2020 मध्ये सुरू झालेल्या अटल बोगद्याच्या अलीकडे. ब्यास कुंडचा ट्रेक इथूनच सुरू होतो. निळंशार आकाश, टी-शर्टवर फिरावं असं ऊन. एकदम सॉलिड वेदर! आमचा गाईड मात्र म्हणाला, "धूप तेज है, ग्यारह बजे तक वापस."

हिमस्खलन म्हटलं की आपल्याला सियाचीन आठवतं. फेब्रुवारी 2016 मध्ये तिथे 10 जवान गेले, त्यातला एक साताऱ्याच्या माण तालुक्यातला. तो कडाक्याच्या थंडीतला घाला होता. वसंतातला धोका वेगळा. रात्री बर्फाचा वरचा थर गोठून कडक होतो. दिवसा ऊन तापलं की तो वितळतो, पाणी आत झिरपतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि अख्खा उतार खाली येतो. साधारण 30 ते 45 अंशांचे उतार सगळ्यात बेभरवशाचे. हे ओलं बर्फ सावकाश येतं, पण थांबल्यावर काँक्रीटसारखं घट्ट बसतं. गाडला गेलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच खरी आशा.

4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर भरदुपारी 7 पर्यटक असेच गेले. ते गिर्यारोहक नव्हते, तुमच्या-माझ्यासारखे बर्फ बघायला आलेले लोक होते.

आम्ही अकराच्या आत खाली आलो. दुपारी चहा घेताना समोरच्या उतारावर गडगडाट झाला आणि एक पांढरा पट्टा घसरत नाल्यात गेला. सकाळी आमचे फोटोसेशन झालं, त्याच्या जवळच! ग्रुपमध्ये दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

मे महिन्याची रजा टाकलीय? मग एवढं लक्षात ठेवा:

- पहाटे निघा, ऊन तापायच्या आत उतारावरून बाजूला व्हा. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, पश्चिमेकडचे दुपारनंतर.
- रात्री ढग किंवा पाऊस होता? मग बर्फ नीट गोठलेलं नसतं. पहाटही सेफ नाही.
- पाय गुडघ्यापर्यंत रुततोय, वरून बर्फाचे गोळे घरंगळतायत? तिथूनच मागे फिरा.
- नाल्यावरचे बर्फाचे पूल दुपारी ओलांडू नका.
- चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. निघण्याआधी ते बघा. स्थानिक गाईड 'नको' म्हणाला, तर वाद घालू नका.

ब्यास कुंड कुठे पळून जात नाही, बॉस. पुढच्या वर्षीही रजा मिळेल.