अनुमोदक

इतिवृत्ताच्या वहीत माझं नाव आहे. निळ्या शाईत, सेक्रेटरींच्या टपोऱ्या अक्षरात: 'अनुमोदक'. ज्या ठरावाला मी उभं राहून विरोध केला, त्याच ठरावाखाली. चार वर्षं झाली, तरी अजून डोकं भणभणतं.

आमची सोसायटी लोणावळ्यात, तुंगार्लीला. फ्लॅट ३०, कायमची बिऱ्हाडं सहा. बाकी मंडळी मुंबई-ठाण्याची; शनिवारी येतात, रविवारी घाटातल्या ट्रॅफिकला शिव्या घालत जातात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असते.

उपविधींप्रमाणे गणपूर्ती म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतला कमी असेल तो आकडा. आमचं दोन्हीकडून वीसच येतं. जमलो सात. मग नोटिशीत आधीच छापलेलं ते वाक्य अध्यक्षांनी वाचलं: 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब.' अर्ध्या तासाने तीच सभा, त्याच जागी, आणि आता गणपूर्तीची गरज नाही! या अर्ध्या तासात काय होतं म्हणाल, तर काहीही नाही. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही तेच सात जण. चहा आला. कुणीतरी चिक्कीचं पाकीट फोडलं. सेक्रेटरी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. साडेअकराला अध्यक्षांनी घसा खाकरला आणि मघाशी कमी पडलेले सात जण एकदम पुरेसे झाले.

विषय होता गच्चीवर पत्र्याची शेड. दरपत्रक एकच. मी म्हटलं, निदान तीन तरी मागवा, आणि मुळात स्लॅब कुठून गळतोय ते आधी बघा. "काका, पावसाच्या आत व्हायला पाहिजे हो." पुढचा पाऊस आठ महिने लांब होता! चार हात वर गेले. वहीत आलं 'सर्वानुमते मंजूर', सूचक अध्यक्ष, अनुमोदक मी.

वही मागितली तर कपाटाची किल्ली सापडेना. तीन महिने. सभासदाला ती फुकट बघायचा हक्क १९६० च्या सहकार कायद्यानेच दिलाय. म्हणून सांगतो, विरोध असेल तर सभेआधी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी विरोध चहाच्या कपाबरोबर विसळला जातो.

निबंधकांकडे द्यायची तक्रार टाइप करून ठेवली होती. दिली नाही. सभेनंतरच्या जुलैत मीटररूममध्ये पाणी शिरलं तेव्हा रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन गुडघाभर पाण्यात उभे होते ते हेच सेक्रेटरी. मी खिडकीतून बघत होतो. ते पद आधी मलाच देऊ केलं होतं. मी बीपीचं कारण सांगून टाळलं.

आणि शेड गळत नाही. चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे; श्रावणात आमच्या घरचे ओले कपडे तिच्याखालीच असतात. बायको म्हणते, अनुमोदन तुम्हीच दिलंत ना.